ऐकू येतं, पण कळत नाही

प्रश्न : वय ४१. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये किंवा हॉटेलात चार-पाच जण बोलू लागले की मला नुसता कलकलाट ऐकू येतो. अर्ध्या तासात डोकं बधिर होतं. ऑडिओग्राम मात्र ‘नॉर्मल’ आला. हे सगळं मनाचे खेळ आहेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ऑडिओग्राम बंद, शांत खोलीत काढतात आणि तुम्हाला ऐकू येणारी सर्वांत बारीक ‘पीं’ कोणती, एवढंच तो सांगतो. तोही साधारणपणे २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यातच. गर्दीतून एक आवाज वेगळा काढणं हे दोन्ही कानांचं आणि मेंदूचं एकत्रित काम आहे, त्याची परीक्षा या तपासणीत होतच नाही. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ‘स्पीच-इन-नॉइज’, म्हणजे गोंगाटात बोलणं किती कळतं याची चाचणी मागा, आणि ती मराठी शब्दांवर होते का तेही विचारा. परक्या भाषेतल्या शब्दांवर गुण कमी पडले तर दोष कानाचा की भाषेचा, ते कळायला मार्ग नाही. सोबत ओएई (आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींची) आणि बेरा (कानाकडून मेंदूकडे नसेतून जाणाऱ्या संदेशाची) या चाचण्या कराव्यात. केसपेशी धडधाकट, पण नसेतून जाणारा संदेश विस्कळीत, असा प्रकार असेल तर तो यांत पकडला जातो. एका कानात मळाचा बोळा असला तरी दोन कानांचा फायदा जातो, त्यामुळे आधी तो पाहून घ्या.

आता रोजचा उपाय. महत्त्व आवाज किती मोठा याला नाही, बोलणं गोंगाटापेक्षा किती वर आहे याला आहे. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं, भरलेल्या हॉटेलात गोंगाटच ७०च्या पुढे जातो. स्वर जोरकस असतात, ते तरून जातात. स, त, थ, प ही बारीक व्यंजनं बुडतात. मग सात, साथ आणि साप यांत फरक उरत नाही, आणि संदर्भावरून शब्द जुळवता जुळवता मेंदू थकतो. तुमचं डोकं बधिर होतं ते बहुधा यामुळेच.

अंतर निम्मं केलं की बोलणं सुमारे ६ डेसिबलनं वाढतं. एक मीटरवरून अर्ध्या मीटरवर या. फुकटचा आणि हमखास उपाय. पण हा हिशेब बोलणाऱ्याच्या जवळच चालतो. फरशी, काच आणि उंच छताच्या हॉलमध्ये चार-पाच मीटरवर बसलात तर मीटरभर पुढे सरकून फारसा फरक पडत नाही, कारण तिथे तुमच्यापर्यंत प्रतिध्वनीच जास्त पोहोचतो. टेबल कोपऱ्यातलं, स्वयंपाकघर आणि स्पीकरपासून दूरचं घ्या. पाठीमागे पडदा किंवा गादीची बैठक असेल तर उत्तम. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ओठ दिसले की बुडालेली व्यंजनं बरीचशी भरून निघतात. आणि ‘काय?’ विचारू नका. ‘गुरुवारी कुठे म्हणालात?’ असं विचारा, म्हणजे समोरचा तेच वाक्य नुसतं ओरडून सांगणार नाही.

एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा. मिक्सर, कुकरची शिट्टी, वरातीचा बँजो, सगळ्याला कान झाकतो. वर्गात सूचना कळत नाहीत. दिवसभर इअरप्लग द्यावेत का? — एक पालक, सांगली

उत्तर : दिवसभर नको. कानाला सतत शांतता दिली की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि हळूहळू पंख्याचाही त्रास होऊ शकतो. शिवाय फोमचा प्लग बारीक व्यंजनं जास्त दाबतो, म्हणजे वर्गात उलट नुकसानच. वरात, फटाके, डीजे यांसाठी इअरमफ ठेवा आणि ते संपताच काढा. मिक्सरचं बटण त्याच्याच हाती द्या: आधी दाराबाहेरून, मग हळूहळू जवळ. आवाज कधी सुरू होणार हे माहीत असलं की त्रास बराच कमी होतो.

वर्गासाठी रिमोट मायक्रोफोन पाहा. शिक्षकांनी तो हनुवटीखाली १५-२० सेंटिमीटरवर लावायचा, मुलाच्या कानात रिसीव्हर. साधे ब्लूटूथ इअरफोन वापरू नका; आवाज उशिरा पोहोचतो आणि ओठांशी जुळत नाही. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुच लावायला शाळा सहसा नाही म्हणत नाही. श्रवण-प्रक्रियेच्या (कानानं ऐकलेलं मेंदू कसं उलगडतो याच्या) चाचण्या साधारण सातव्या वर्षानंतर करतात, त्या करून घ्या. लक्ष टिकण्याची अडचण आणि ऑटिझम यांचीही तपासणी सोबत व्हावी, कारण लक्षणं एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : वडिलांना श्रवणयंत्र आहे, तरी लग्नात ‘सगळा गोंगाटच वाढतो’ म्हणतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : यंत्रातला दिशादर्शक मायक्रोफोन पाठीमागचा आवाज दाबतो. म्हणून त्यांना गर्दीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसवा आणि बोलणाऱ्यानं त्यांच्यासमोर बसावं. भिंतीला टेकवून बसवलंत तर सगळी गर्दी यंत्राच्या समोर येते आणि हा फायदा जातो. गोंगाटासाठी वेगळा प्रोग्राम यंत्रात बसवून घेतला आहे का, तेही तपासा. बऱ्याचदा तो सुरूच केलेला नसतो.