स्वतःच्या शरीरावर प्रेम करायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की वय २७ आहे, घरात लहानपणापासून 'जाडे' अशीच हाक मारतात, फोटोच्या वेळी तुम्ही आपोआप मागच्या रांगेत सरकता. 'शरीरावर प्रेम कर' असं सगळे सांगतात, पण सकाळी उठून ते करायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

माझं वय ४३. मला जे उमगलं ते असं की प्रेम वाटायची वाट बघत बसू नये. आधी हातांना काम द्यावं, मन सावकाश मागून येतं.

माझ्या लेकीच्या वेळी मी बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी होते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला सव्वा महिना एक मावशी यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तेलाची वाटी घेतली आणि मी पोटावर चादर ओढून घेतली. पोट सैल पडलेलं, त्यावर जांभळे वण. कुणी बघावं असं ते मलाच वाटत नव्हतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "हात काढ पोरी, तेल निवतंय." आणि पायाला लावावं तसं पोटाला तेल लावलं. तोंडाने त्यांच्या सुनेची गोष्ट चालू होती. सव्वा महिन्यात त्या एकदाही जाड, बारीक, वण, रंग यातलं काही बोलल्या नाहीत. कंबर कुठे धरलीय, पोटऱ्या कशाने आखडल्यात, हे मात्र त्यांना माझ्याआधी कळायचं. तोवर माझ्या शरीराकडे कुणी इतक्या सरळपणे पाहिलं नव्हतं, मी तर नव्हतंच.

पुण्याला परत आले आणि सगळं पूर्ववत झालं. दीडेक वर्षाने एका रविवारी मी स्वतःच तिळाचं तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवली. जुनी चादर अंथरली, दार लावलं, दहा मिनिटं. तेव्हापासून रविवार सहसा चुकत नाही. तेलाने माझं काही बारीक झालेलं नाही. पण टाच भेगाळलीय, उजवा खांदा डाव्यापेक्षा ताठ आहे, गुडघ्यामागे डास चावलाय, अशा बातम्या हातांना कळू लागल्या. एरवी मला माझं शरीर फक्त आरशातून आणि फोटोतून माहीत होतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण सगळेच अंगाला तेल लावतो, जाड-बारीक न बघता. ते वर्षातून एकदाच का, असं मला आता मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट कपड्यांची. माझ्या कपाटाचा अर्धा खण 'बारीक झाल्यावर' घालायच्या कपड्यांचा होता. रोज सकाळी कपाट उघडलं की आधी ते दिसायचे. ब्लाउज काखेत इतके काचायचे की संध्याकाळी लाल वळ उठलेले असायचे, आणि ती शिक्षा मला रास्त वाटायची. एकदा शिवणाऱ्या काकूंकडे साडीचा फॉल द्यायला गेले होते. अंगातला ब्लाउज बघून त्या म्हणाल्या, "अहो, आत दोन बोटं माया आहे की! उसवून देते." शिवणात आत राखलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी तो शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं. माणूस बदलणार हे धरूनच शिवणारी बाई कापड राखून ठेवते. चार ब्लाउज सैल करून घेतले, खणातले कपडे देऊन टाकले, लग्नातला शालू तेवढा ठेवला. तुम्हीही आजच्या मापाचे निदान पाच-सहा जोड करून घ्या. दिवसभर काचणारा कपडा दिवसभर टोमणे मारत असतो.

वजनकाटा मी माळ्यावर टाकला. शरीरातल्या पाण्यामुळे, खारट खाण्याने, पाळीच्या आधी वजन किलो-दीड किलो सहज वरखाली होतं. शरीर साखरेचा जो साठा करतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही धरून ठेवतं. म्हणून डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे उतरतं, त्यातलं बरंचसं पाणीच असतं. ज्या बीएमआयवरून, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेल्या आकड्यावरून, आपण स्वतःला पास-नापास करतो, त्याचं गणित बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३०च्या दशकात मांडलं. ते 'सरासरी माणूस' शोधत होते, एकेकट्याची तब्येत तपासत नव्हते. बीएमआय हे नाव १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिलं. याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. उपाशी राहून रात्री डब्यांवर तुटून पडणारी मी स्वतःला 'जीभ ताब्यात नाही' म्हणून कोसायची. हे वाचलं आणि तो अपराध डोक्यावरून उतरला. आता मी वेळेवर, बसून, ताटात वाढून घेऊन जेवते.

तपासण्या मात्र सोडू नका. मला थायरॉईड आहे. पहाटेची गोळी आणि ठरल्या वेळी रक्त तपासणं, हेही त्या तेलाच्या वाटीइतकंच प्रेमाचं काम आहे.

आता सगळ्यात अवघड, बोलणं. लेक आठ वर्षांची असताना आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. मला म्हणाली, "आई, माझं पण लोंबतं का गं?" हा शब्द माझा होता. साडी नेसताना मी रोज तो स्वतःला म्हणायचे आणि ती पलंगावर बसून ऐकायची. त्या दिवसापासून घरात कुणाच्याही शरीराबद्दल, माझ्यासुद्धा, असं बोलायचं नाही हे मी पाळते. चुकलं तर तिच्यादेखत "हे चुकीचं बोलले" म्हणते. हळदीकुंकवाला कुणी "सुटलीस गं" म्हणालं, तर "काकू, वजनाचं नको बोलूया. तुमचा गुडघा कसाय?" एवढंच विचारते. घरच्यांनाही एकदा शांतपणे सांगा, "मला नावाने हाक मारा." पहिल्यांदा हसतील. पुन्हा सांगा.

जेवण टाळणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं किंवा जगणं नकोसं वाटणं, यातलं काही होत असेल, तर मात्र एकटीने तेल लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

बाकी, येत्या रविवारी तेल कोमट करा आणि पायांपासून सुरुवात करा. पोटापर्यंत पोचायला मला चार महिने लागले होते.