एकमेकांना मारायच्या स्पर्धांच्या कादंबऱ्या मुलीला वाचू द्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत आहे, निवडक मुलांना जिवावरच्या स्पर्धेत उतरवणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या एकामागून एक वाचतेय, तर थांबवावं का?

थांबवू नका. मी ठाण्याच्या नौपाड्यात मुलांसाठी घरगुती वाचनालय चालवते. आठवी-नववीची मुलं आली की आधी हाच कप्पा रिकामा होतो. मात्र यातली बरीच पुस्तकं नुसती नक्कल असतात. ती ओळखायला मी एकच बघते: मेलेल्या मुलाची पुढच्या प्रकरणात कुणाला आठवण येते का?

लाट आली ती सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'मुळे (२००८). राजधानीच्या ताब्यातले बारा जिल्हे, प्रत्येकातून एक मुलगा, एक मुलगी. २४ जण रिंगणात आणि जिवंत परतणार एकच. पालकांच्या कानावर एवढंच येतं. खरी मेख आहे सोडतीत. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एकेक वाढत अठराव्या वर्षी सात. कागदावर सगळे सारखे. पण घरात दाणा नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य-तेल घ्यायचं. ती चिठ्ठी पुढच्या वर्षीही डब्यात राहते. म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, वीस चिठ्ठ्या होतात, तिच्या मित्राच्या, गेलच्या, बेचाळीस. महापौरांच्या मुलीला जादा चिठ्ठी टाकायची वेळच येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला हे कळलं, तर नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त कळलं असं मी म्हणेन.

कॉलिन्सनी ही कल्पना थिसियसच्या ग्रीक कथेवरून सुचल्याचं सांगितलंय. अथेन्सनं आपली मुलं-मुली क्रीट बेटावरच्या मिनोटॉर या बैलाच्या तोंडाच्या राक्षसाच्या तोंडी द्यायची. आपल्याला त्यासाठी ग्रीसपर्यंत जायला नको. एकचक्रा नगरीत बकासुराकडे पाळीपाळीनं घरातला माणूस जातच होता. तिथं निदान भीम आला. इथं कुणी येत नाही, उलट सगळं टीव्हीवर थेट दाखवतात आणि ते बघणं सक्तीचं.

जोएल शार्बनो यांचं 'द टेस्टिंग' (२०१३) ठाण्यातल्या मुलांना वेगळंच लागतं. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी वसाहतींमधून मोजकी हुशार मुलं बोलावतात. नकार दिला तर राजद्रोह. परीक्षेत चुकलात तर जीव जाऊ शकतो आणि पास झालात तर आठवण पुसून टाकतात. नायिकेचे वडील यातून गेलेले, त्यांच्याकडे फक्त वाईट स्वप्नं उरलीत. लेखन म्हणून पुस्तक बेताचंच आहे. पण स्टेशनकडून गोखले रोडनं चालत या आणि क्लासवाल्यांचे गुणवंतांच्या फोटोंचे फलक बघा. जेईई मेनमधून पुढच्या परीक्षेला पात्र ठरतात साधारण अडीच लाख. बाकीच्या लाखोंचा फोटो कुठेच लागत नाही. अकरावीची मुलं हे पुस्तक परत द्यायला येतात तेव्हा त्याच्याबद्दल कमी आणि स्वतःच्या टेस्ट सिरीजबद्दल जास्त बोलतात. मी बोलू देते.

कौशुन ताकामी यांची 'बॅटल रोयाल' (१९९९) मात्र इतक्यात देऊ नका. एकाच वर्गातली ४२ मुलं, एक बेट आणि रक्तपात फार तपशिलात. ती मोठ्यांचीच कादंबरी आहे.

'हंगर गेम्स'चा तिसरा भाग मुलांना जड जातो, कारण खेळ संपून युद्ध सुरू होतं. तिथं ती अडली तर चिकाटीनं पुढे न्या. (पुढचं तिला आधी सांगू नका.) शेवटाकडे बंडखोर जिंकतात आणि त्यांची नेताच सुचवते: आता राजधानीतल्या मुलांचा असाच एक खेळ घेऊ या. आधीच्या खेळांतल्या जिवंत उरलेल्या विजेत्यांनी मत द्यायचं. त्या पानावर तिला विचारा, तुझं मत काय? माझ्याकडे यावरून दोन तट पडले होते आणि 'हो' म्हणणारी मुलं कमी नव्हती.