टेपमधलं रामकुंड टीव्हीवर अडखळतंय? आधी ५० हर्ट्‌झ बघ

तुझ्या बाबांनी २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेली मिनीडीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ) टेप कॉम्प्युटरवरून टीव्हीवर लावलीस, की कॅमेरा आडवा फिरताना कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात, असं म्हणालास. टेपला दोष देऊ नकोस. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं असलं, तरी प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात: आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदाने उरलेल्या. दोन्ही एकदम दाखवल्या की कडा फाटतात. म्हणजे हालचाल ५० टप्प्यांत टिपलेली आहे. ती जपायची, सगळं काम एवढंच.

म्हणून पहिल्यांदा ग्राफिक्स कार्डचं टीव्ही आउटपुट, म्हणजे टीव्हीवर सेकंदाला किती चित्रं जातात तो वेग, ५० हर्ट्‌झवर आण. बहुतेक जण इथेच चुकतात. ६० वर ठेवलं तर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि घाटावरची गर्दी धक्के खात सरकते. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण चित्रं बनवणं) चालू करून त्यातली याडिफ २एक्स ही पद्धत निवड; ती प्रत्येक फील्डचं एक चित्र करते. साधं याडिफ घेतलंस तर सेकंदाला २५ च चित्रं मिळतात, अर्धी हालचाल जाते. दोन्ही फील्ड एकत्र मिसळणारी ब्लेंड पद्धत तर नकोच. चालणाऱ्या साधूंमागे सावल्या उमटतात.

चित्र पुढे-मागे थरथरलं, तर फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय. डीव्हीत, म्हणजे तुझ्या टेपच्या व्हिडिओ प्रकारात, खालचं फील्ड आधी असतं.

आणि कळकळीने सांगतो, जागा वाचवायला फाइलची उंची ५७६ ओळींवरून कमी करू नकोस. फील्ड एकमेकांत मिसळली की कुठलंच सेटिंग ती वेगळी करू शकत नाही. तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी लागतात, तेवढी जागा दे.