पटणचेरू असताना मलावी कशाला?

प्रश्न : भाचा हैदराबादजवळ पटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत लागलाय. म्हणतो, संस्थेची ऑफिसं माली, नायजर, केनिया, मलावीतही आहेत. इथे १९७२पासून एवढं शिवार, एवढ्या प्रयोगशाळा असताना तिकडे खर्च कशाला? इथलं चांगलं बियाणं पाठवून दिलं की झालं!
— एक शेतकरी, बार्शी

उत्तर : माझी सगळी नोकरी भुईमुगाच्या पैदाशीत गेली, म्हणून भुईमुगाचंच सांगते. आपण टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या रोगांना घाबरतो. आफ्रिकेतला शेतकरी घाबरतो रोझेटला. हा विषाणूरोग मावा ही बारीक कीड पसरवते. झाड खुरटतं, पानांचा झुपका होतो आणि लागण लवकर झाली तर शेंगा धरतच नाहीत. १९९४-९५च्या हंगामात मध्य मलावी आणि पूर्व झांबियात या रोगाने भुईमूग झोपवला होता. आपल्याकडे तो नाहीच. मग पटणचेरूच्या निरोगी वावरात त्याला दाद न देणारं झाड ओळखणार कसं? त्यासाठी मलावीची राजधानी लिलाँग्वेजवळच्या चितेझे संशोधन केंद्रात चाचणीच्या ओळींमध्ये मुद्दाम रोगट रोपं लावतात, वर मावा सोडतात आणि त्यातून तगलेलं झाड उचलतात. ‘न्सिंजिरो’ हा रोझेटला टिकणारा वाण तिथल्याच पैदाशीतून मलावीच्या शेतकऱ्याला मिळाला. शिवाय वाण प्रसारित करायचा की नाही हे तो तो देश ठरवतो. तिथल्या शास्त्रज्ञांसोबत वर्षानुवर्षं शेतात उभं राहिल्याशिवाय ते होत नाही.

तुरीचंही तेच. दिवसाची लांबी आणि थंडी बदलली की तिचा फुलोरा मागेपुढे होतो, आणि केनियातल्या गिऱ्हाइकाला दाणा टपोरा, पांढरा लागतो. नायजरमध्ये तर प्रश्न वाणाचा कमी, रेताड जमिनीचा आणि रिकाम्या खिशाचा जास्त. तिथे बाजरीच्या प्रत्येक खळग्यात बाटलीचं एक झाकण भरून, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, मिश्रखत टाकायची पद्धत रुळवली. अख्ख्या शेतात खत फेकण्याची ऐपत कोणाची असते हो?

खर्चाबद्दलची तुमची शंका मात्र अगदीच वावगी नाही. पैसा बहुतेक तीन-पाच वर्षांच्या प्रकल्पांतून येतो, वाण तयार व्हायला दहा वर्षं सहज जातात. मधेच प्रकल्प संपला की शिकलेली माणसं पांगतात. माझ्या मते पैसा वाया जातो तो इथे, ऑफिसच्या भाड्यात नव्हे.

भाच्याला मलावीची संधी आली तर जाऊ द्या. फक्त नोव्हेंबर ते एप्रिल, पाऊस असताना. कोरड्या महिन्यांत नुसत्या फायलीच दिसतील.