‘दहनोष्णता’, ‘उष्मांक’ आणि दोघांच्या पोटातला ‘उष्’

प्रश्न: बॉम्ब कॅलरीमापीतून (बंद पोलादी भांड्यात नमुना जाळून उष्णता काढायच्या यंत्रातून) ‘उष्मांक’ मिळतो की ‘दहनोष्णता’? दोन्ही एकच ना?

एकच नव्हेत. ‘नमुना दुप्पट घेतल्याने उष्मांक दुप्पट झाला’ असली वाक्यं सर्रास वाचावी लागतात. इंधनाचा किंवा रसायनाचा उष्मांक हा दर आहे, ग्रॅममागे किती किलोज्यूल हा. नमुना वाढवला की उष्णता वाढते, दर तोच राहतो. (आहारातले ‘उष्मांक’ म्हणजे कॅलऱ्या, तो वापर वेगळा.) रसायनशास्त्रातली दहनोष्णता, म्हणजे पदार्थ पूर्ण जळताना निघणारी उष्णता, सहसा मोलमागे (रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) सांगतात. नॅप्थलीनची ५१५६ किलोज्यूल, तिला १२८.१७ ने (एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने) भागलं की ग्रॅममागे ४०.२.

खरी गंमत ‘उष्’ या धातूत आहे. संस्कृत ‘ओषति’ म्हणजे जाळतो. त्यातूनच उष्ण, ऊष्मा आणि प्राकृत ‘उण्ह’वरून आपलं ऊन. लॅटिनमध्ये याच धातूचं ‘उरेरे’ झालं, कारण तिथे दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतो. पण भूतकालवाचक ‘उस्तुस्’मध्ये ‘स’ टिकला. म्हणजे इंग्रजी ‘कंबश्चन’ (दहन) मधलं ‘उश्च’ आपल्या ‘उष्’चं सख्खं भावंड! मग मधला ‘ब’ कुठला? ‘अम्ब’ (सभोवार) आणि ‘उरेरे’ मिळून ‘अम्बुरेरे’. लोकांनी ते ‘अम्‌-बुरेरे’ असं चुकीचं तोडलं आणि ‘बुरेरे’ला ‘कोम्‌’ जोडलं. ‘बुस्तुम्’ (चिता) हा मूळ शब्द मानून त्यावरून ‘कंबश्चन’ काढणारे गाडी उलटी हाकतात. ‘बुस्तुम्’सुद्धा त्याच चुकीच्या तोडणीचं अपत्य आहे.

‘कॅलरीमापी’ला धेडगुजरी म्हणणाऱ्यांनी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाज्ये वाचावा. ‘कॅलोरिमेत्र’ हे लॅटिन-ग्रीक कडबोळं त्याने १७८९ मध्ये स्वतःच घडवलं आणि टीका होईल हे मान्य करून लिहिलं, की विचार स्पष्ट होत असतील तर विज्ञानात भाषेची शुद्धता थोडी सोडायला हरकत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. माझी तक्रार ‘उष्णता मोजणारं यंत्र’ या अर्थाबद्दल आहे. यंत्रातला तापमापक फक्त पाण्याची तापमानवाढ दाखवतो. उष्णता काढायची तर आधी सुमारे १ ग्रॅम बेंझोइक आम्लाची गोळी ३० वातावरण दाबाच्या ऑक्सिजनमध्ये जाळायची. तिचे ग्रॅममागे २६.४३ किलोज्यूल ठरलेले आहेत. त्यावरून यंत्राची उष्णताधारकता, म्हणजे ते एक अंश तापायला लागणारी उष्णता, मिळते. मग आपला नमुना, त्याचीही गोळीच करून: सुटी पूड ऑक्सिजन भरताना मुशीबाहेर उडते आणि अर्धवट जळते. बॉम्ब उघडल्यावर काजळी दिसली तर ते वाचन सरळ रद्द. प्रज्वलन-तारेची (नमुना पेटवणाऱ्या तारेची) उष्णता वजा करायची, आत राहिलेल्या नायट्रोजनपासून बनलेल्या नायट्रिक आम्लाचीही. त्याचं प्रमाण बॉम्ब धुतलेल्या पाण्याच्या अनुमापनातून (टायट्रेशनमधून) कळतं.

एवढं करून हाती येते ती स्थिर आकारमानावरची दहनोष्णता. कोष्टकातली स्थिर दाबावरची असते. नॅप्थलीनच्या एका मोलला १२ मोल ऑक्सिजन लागून १० मोल कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वायू २ मोलने घटतो. २५ अंश सेल्सिअसला मोलमागे सुमारे ५ किलोज्यूलची भर घालावी लागते.