भात सोडला, चुरमुरे धरले

“मॅडम, भात मी तीन महिन्यांपूर्वीच सोडला. चुरमुरे, पोहे तेवढे चालतात ना? ते हलके असतात.” आहार-समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे कित्येक दिवस मनात होते. ज्या ताईंच्या निमित्ताने ते लिहीत आहे, त्यांनी संमती दिली आहे आणि ओळख पटेल असा तपशील मी बदललेला आहे.

या ताई चव्वेचाळीस वर्षांच्या, राहायला डोंबिवलीत आणि नोकरीला दादरमध्ये. माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे दोन्ही वेळा भात हा लहानपणापासूनचा शिरस्ता. जुलैमध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७१.४ किलो आणि कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर होता. भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते, त्यामुळे वजन उतरवण्याची त्यांची इच्छा रास्तच होती. रक्ततपासणीत थायरॉईड आणि साखर दोन्ही ठीक होते. “भात सोडल्याशिवाय पोट उतरत नाही,” असे घरात, कार्यालयात, लोकलच्या डब्यात सर्वांनी सांगितले, म्हणून त्यांनी भात सोडला. तीन महिन्यांत वजन कमी तर झाले नाहीच, उलट किलोभर वाढले. त्याचे त्यांना इतके वाईट वाटत होते की बोलता बोलता डोळे भरून आले. “आता आणखी काय सोडू?” असे त्यांनी मला विचारले.

पहिल्या भेटीआधी मी प्रत्येकाला सात दिवसांचे खाणे वहीत लिहून आणायला सांगते. या ताईंची वही अगदी नीटनेटकी होती. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि सुकी भाजी, रात्री पुन्हा दोन पोळ्या आणि भाजी. त्याखेरीज प्रत्येक दिवशी दोन नोंदी होत्या: “सायं. ७, चहा, थोडे चुरमुरे” आणि “रात्री ११, थोडे चुरमुरे”. बाकी सगळीकडे आकडे होते, पोळ्या दोन, बिस्किटे दोन. फक्त चुरमुऱ्यांपुढे प्रत्येक वेळी “थोडे”. पुढच्या भेटीला मी त्यांना घरचा चुरमुऱ्यांचा डबा आणि ज्या वाडग्यातून त्या खातात तो वाडगा, असे दोन्ही आणायला सांगितले.

डबा उघडला तेव्हा लसणीचा आणि मेतकुटाचा वास खोलीभर पसरला. ते साधे चुरमुरे नव्हते, ते भडंग होते. दर रविवारी त्या ते करून ठेवत: पाव किलो चुरमुरे, पाव किलो शेंगदाणे, शंभर ग्रॅम डाळवे आणि फोडणीला वाटीभर तेल. माझ्या टेबलावर स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असतो. त्यावर वाडगा ठेवून, रोज घेतात तसे भडंग त्यांनाच घ्यायला सांगितले, तर ते ७२ ग्रॅम भरले. मग तोच वाडगा रिकामा करून मी माझ्याकडचे साधे चुरमुरे काठोकाठ भरले, ते जेमतेम २६ ग्रॅम भरले. वाडगा तोच आणि भरलेलाही तितकाच, तरी वजनात जवळजवळ तिप्पट फरक. ताई बराच वेळ काट्याच्या आकड्याकडे पाहत राहिल्या.

त्यानंतर आम्ही डब्याचा हिशोब एकत्र बसून मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या घटकतक्त्यांत तांदूळ, पोहे आणि चुरमुरे या तिन्हींची ऊर्जा शंभर ग्रॅमला साधारण ३५० ते ३६० कॅलरी, म्हणजे जवळपास सारखीच आहे. यात नवल नाही, कारण तिन्हींमध्ये धान्य एकच आहे. उकडलेल्या साळीपासून, म्हणजे टरफलासकटच्या दाण्यांपासून, काढलेला तांदूळ मिठाचे पाणी लावून तापलेल्या वाळूत भाजला की दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, दाणा फुलतो आणि त्यात हवा शिरते. चुरमुरे हातात हलके लागतात ते या हवेमुळे, दाण्यातला पिष्टमय भाग मात्र होता तेवढाच राहतो. त्यांच्या डब्यातल्या पाव किलो चुरमुऱ्यांच्या सुमारे ९०० कॅलरी झाल्या. शेंगदाण्यांच्या मात्र १,३००, वाटीभर तेलाच्या १,२०० आणि डाळव्यांच्या साडेतीनशेच्या वर. सगळा डबा मिळून पावणेचार हजार कॅलरींचा. संध्याकाळचा एक वाडगा म्हणजे सुमारे ३७० कॅलरी आणि रात्री अकराचा अर्धा वाडगा धरला तर दिवसाला साडेपाचशे. त्यांनी सोडलेला भात दिवसाला दोन वाट्या होता, म्हणजे साधारण ६० ग्रॅम तांदूळ. त्याच्या कॅलरी सव्वादोनशेही भरत नाहीत.

तांदूळ दोषी आहे या समजुतीने त्यांनी भात बंद केला होता, आणि जिथे खरी भर पडत होती तिथे चुरमुऱ्यांचा वाटा पुरता एक चतुर्थांशही नव्हता. शेंगदाणे हा उत्तम पदार्थ आहे आणि त्याविरुद्ध माझे काहीच म्हणणे नाही. पण चमचाभर शेंगदाणे आणि मोजल्याशिवाय पोटात जाणारे मूठ-दीड मूठ शेंगदाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तेल तर भडंगात दिसतही नाही.

“हलके” या शब्दाने आपली फार फसगत होते असे माझे मत झाले आहे. मराठीत आपण एकच शब्द पचायला सोप्या अन्नालाही वापरतो आणि वजनाला कमी असलेल्या वस्तूलाही. आजारी माणसाला चुरमुरे देतात ते पहिल्या अर्थाने. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाने मात्र त्याच कारणासाठी सावध राहायला हवे, कारण भाजून फुललेला दाणा लवकर पचतो, त्यातली साखर रक्तात झपाट्याने उतरते आणि नुसते चुरमुरे खाल्ले तर तासा-दीड तासात पोट पुन्हा रिकामे वाटते.

पण त्या वहीत मला याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसली होती. सात दिवसांत आमटी एकदाही नव्हती, वरण नव्हते, ताक नव्हते, कुळथाचे पिठले नव्हते. विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “भातच नाही, तर आमटी कशावर घेणार?” कोकणातल्या ताटात आमटी, कढी, कुळथाचे पिठले हे सगळे भाताच्या आधाराने येते, त्यामुळे भात गेला की त्याच्याबरोबर डाळ आणि ताकही निघून जाते. त्यांच्या दिवसात प्रथिने देणारा पदार्थ जवळजवळ उरलाच नव्हता. दुपारी एकला दोन पोळ्या आणि भाजी, मग संध्याकाळी सातला गर्दीच्या लोकलमधून उभ्याने घरी येईपर्यंत पोटात काही नाही. अशा भुकेने डब्याचे झाकण उघडले की वाडगा मोजून भरला जाईल अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. त्यांचा निश्चय कमी पडतो आहे असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्या रोज भुकेल्या राहत होत्या, आणि हे मी त्यांना त्या दिवशी दोनदा सांगितले.

म्हणून माझा पहिला सल्ला होता भात परत आणण्याचा. रात्री एक वाटी भात, त्याबरोबर दोन वाट्या घट्ट आमटी किंवा वरण, भाजी आणि कोशिंबीर. पोळी त्या जेवणात नको. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या राहिल्याच, पण सुक्या भाजीच्या जोडीला मटकी, मूग किंवा चवळीची वाटीभर उसळ आली. साधारण ३० ग्रॅम कडधान्याच्या उसळीतून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची जी उणीव असते ती डाळी-कडधान्ये भरून काढतात. वरण-भात, इडली, आंबोळी या जोड्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या टिकून आहेत, त्यांची पोषणदृष्ट्या ताकद इथेच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनाही तृणधान्यांचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत ठेवावा आणि डाळी-कडधान्यांचा वाढवावा असेच सांगतात. तांदूळ वर्ज्य करा असे त्या कुठेही म्हणत नाहीत.

दुसरा बदल वेळेचा होता. साडेपाचला कार्यालयातून निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि एखादे पेरू किंवा सफरचंद खायचे. घरी येताना भूक हाताबाहेर गेलेली नसली की पुढचे सगळे सोपे होते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तांदळाच्या खाऊकडे. चुरमुरे मी बंद केले नाहीत. साधे, शक्यतो बिनमिठाचे चुरमुरे दीड वाटी, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, त्यात मोड आलेली वाफवलेली मटकी अर्धी वाटी, कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, लिंबू आणि एक चमचा शेंगदाणे, अशी भेळ त्या संध्याकाळी आठवड्यातून तीनदा खाऊ लागल्या. शेव नाही आणि चिंचगुळाची चटणी नावापुरती. हा बशीभर खाऊ दीडशे कॅलरींच्या आसपास राहतो, चावून खावा लागतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत पोटाला आधार देतो. पोह्यांबाबतही हेच. चाळीस ग्रॅम पोहे, एक छोटा चमचा तेल, भरपूर कांदा आणि मटार, सोबत पेलाभर ताक किंवा उकडलेले अंडे असेल तर कांदेपोहे ही चांगली न्याहारी आहे. मात्र ती न्याहारीच राहिली पाहिजे, न्याहारीनंतर दहा वाजता येणारी आणखी एक बशी होता कामा नये. घावनांना तेल अगदी कमी लागते, तेव्हा दोन घावने आणि सोबत उसळ घ्यायला माझी काही हरकत नसते. बाजारात मिळणारा “डाएट चिवडा” आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या यांविषयी एवढेच सांगते की पाकिटाच्या पुढच्या बाजूचा शब्द न वाचता मागच्या बाजूचे तेलाचे आणि मिठाचे आकडे वाचावेत.

चौथ्या भेटीत ताईंनी सासूबाईंचा विषय काढला. त्यांना मधुमेह आहे, आणि “भात बंद, चुरमुरे चालू” हाच नियम त्यांनीही स्वतःला लावून घेतला होता. त्यांच्यासाठी माझे उत्तर वेगळे होते. चहाबरोबर नुसते चुरमुरे मधुमेही व्यक्तीची साखर भातापेक्षाही लवकर चढवू शकतात, कारण भाताबरोबर निदान आमटी-भाजी तरी असते. चुरमुरे खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर मोजून ती लिहून ठेवावी, असे मी सुचवले. गोळ्या चालू असताना खाण्यात अचानक काटछाट केली तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, म्हणून कोणताही बदल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करावा, हेही बजावून सांगितले.

मध्येच गणपती आले. ताई दहा दिवस गावी जाणार होत्या आणि निघण्यापूर्वी त्यांनी फार संकोचाने विचारले, “मॅडम, मोदक?” उकडीचा मोदक म्हणजे तांदळाची पिठी, ओला नारळ आणि गूळ, मध्यम आकाराचा एक मोदक साधारण दोनशे कॅलरींचा, वरचे तूप वेगळे. मी म्हटले, दोन मोदक साजूक तूप घालून, सगळ्यांबरोबर बसून खा आणि त्या जेवणात भात घेऊ नका. वर्षातून एकदा घरच्या देवापुढे बसून खाल्लेल्या मोदकाने कुणाचे वजन वाढत नाही. तो खाल्ल्यावर “आता बिघडलेच” असे म्हणून पुढचे पंधरा दिवस वही बंद केली, तर मात्र वाढते. त्या परतल्या तेव्हा काटा सहाशे ग्रॅम वर गेला होता. त्यांचा चेहरा उतरला, पण वही चालूच होती आणि दोन आठवड्यांत ते सहाशे ग्रॅम उतरले. त्यात पाणी आणि मीठ यांचाच भाग अधिक असणार.

चार महिन्यांनी त्यांचे वजन ६७.२ किलो आणि कमरेचा घेर ८९ सेंटिमीटर झाला. म्हणजे महिन्याला साधारण एक किलो, आणि हा वेग मला पसंत आहे, कारण त्या काळात त्या भुकेल्या राहिल्या नाहीत आणि घरात त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही. अजून बराच पल्ला बाकी आहे, हे त्यांनाही माहीत आहे.

शेवटच्या भेटीला आणलेल्या वहीत मी “थोडे” हा शब्द शोधून पाहिला. तो कुठेच नव्हता. त्याच्या जागी होते “चुरमुरे १५ ग्रॅम, मटकी अर्धी वाटी”, “भात १ वाटी, आमटी २ वाट्या”, आणि एका रविवारच्या पानावर, “भडंग १ वाटी, २७ ग्रॅम. आम्ही चौघे गॅलरीत बसून खाल्ले.”