वाचक विचारतात : ग्राफ वर गेला म्हणजे ट्रेंड झाला का?

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगलीत कॉमर्स शिकवते, पीएचडी चालू आहे, विषय हळदीची साठवण आणि बाजार. गाइड म्हणाले, सिस्टिमॅटिक लिटरेचर रिव्ह्यू (म्हणजे आधीचे पेपर ठरलेल्या पद्धतीनं शोधून घेतलेला आढावा) करा आणि कुठल्या शाखेत काय ट्रेंड आहे ते दाखवा. मी संशोधन पेपरांच्या डेटाबेसला ‘टर्मरिक’ टाकलं तर ढीगभर पेपर आले, त्यातले बहुतेक औषधांचे. एक्सेलमध्ये वर्षवार ग्राफ काढला, तो वरच चाललाय. एवढं पुरेल का?

— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : ताई, नाही पुरणार. आणि त्यात तुमची काही चूक नाहीये, मी लायब्ररीत एवढी वर्षं काढली, निम्म्या थिसिसांत हाच ग्राफ बघितलाय. अहो आजकाल कुठलाही शब्द टाका, ग्राफ वरच जातो, कारण दरवर्षी जगात छापले जाणारे एकूण पेपरच वाढतायत. म्हणून नुसता आकडा नको, त्या शाखेतल्या त्या वर्षीच्या एकूण पेपरांत हळदीचे किती, तो वाटा काढा. अन् शेवटच्या वर्षाचा बार खाली आलेला दिसला तर ‘संशोधन घटले’ असं लिहून मोकळं होऊ नका, बऱ्याचदा त्या वर्षाची नोंदच अजून पुरी झालेली नसते.

दुसरी गोष्ट करक्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याची. औषधवाल्यांनी त्याच्यावर इतकं लिहिलंय की शेती आणि बाजाराचे पेपर त्यात बुडून जातात. बरं, एवढं लिहूनही 2017 साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त एक मोठा रिव्ह्यू आला, त्यात म्हटलंय की हे द्रव्य अस्थिर आहे आणि चाचण्यांत फसवे निकाल देतं. म्हणजे पेपर जास्त म्हणून उत्तर पक्कं, असं काही नाही. शाखा आधी वेगळ्या करा, मग मोजा, आणि मागे घेतलेले पेपर आहेत का तेही बघा.

आता खरं काम, शब्दांचं. इथं मी जरा जास्त बोलणार. आपल्या हरिपूरची पेवं घ्या. जमिनीखाली खणलेल्या त्या खड्ड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हळद ठेवली, 2005 च्या महापुरात पाणी शिरून केवढं नुकसान झालं ते तुम्हाला मी काय सांगायचं. पण डेटाबेसला ‘पेव’ कळतच नाही! फूड टेक्नॉलॉजीवाला ‘अंडरग्राउंड स्टोरेज’ लिहिणार, किडींचा अभ्यास करणारा ‘स्टोअर्ड प्रॉडक्ट पेस्ट’, अर्थशास्त्रवाला ‘वेअरहाउसिंग’ नाहीतर ‘पोस्ट हार्वेस्ट लॉस’, वनस्पतीशास्त्रवाला हळदीला ‘कुर्कुमा लोंगा’ म्हणणार. एकच शब्द टाकला की एकाच शाखेचं जग दिसतं, आणि आपल्याला वाटतं बाकीच्यांनी काही केलंच नाही. प्रत्येक शाखेतले दोन-तीन चांगले पेपर आधी हातानं वाचा, त्यांचे कीवर्ड एका वहीत उतरवा, मग ते ‘ऑर’नं जोडा, म्हणजे त्यातला कुठलाही शब्द असलेला पेपर येतो. आठवडा जाईल, जाऊ दे.

जुनं आणि देशी साहित्यही सोडू नका. 1995 ला अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं, ते आपल्या सीएसआयआरनं (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं) आव्हान देऊन 1997 ला रद्द करून घेतलं, तेव्हा पुढं काय ठेवलं? जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपर वगैरे! म्हणजे तोही एका अर्थी लिटरेचर रिव्ह्यूच की. तुमच्यासाठी शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे थिसिस आणि कृषी विद्यापीठांचे अहवाल तरी बघाच, स्कोपससारख्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये त्यातलं फारसं सापडायचं नाही.

पद्धतीसाठी प्रिझ्मा 2020 वापरा, रिव्ह्यू कसा लिहायचा याची ती नियमावली, 27 मुद्द्यांची यादी आहे आणि एक फ्लो डायग्राम, किती सापडले, डुप्लिकेट किती, का वगळले, सगळं त्यात येतं. आहे ती मेडिकलवाल्यांसाठी, पण कॉमर्सवालेही वापरतात. पेपर निवडताना मैत्रिणीला सोबत घ्या, दोघींनी वेगवेगळं बसून ‘ठेव, काढ’ करायचं आणि मग जुळवायचं, एकटीनं केलं की आपल्या मनासारखेच पेपर राहतात. पेपर आणि संदर्भ नीट लावून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कीवर्डचे नकाशे काढायला लायडन विद्यापीठाचं व्हीओएसव्ह्यूअर, तेही फुकट, फक्त त्यात ‘टर्मरिक’ आणि ‘कुर्कुमा लोंगा’ दोन वेगळे गोळे येतील, ते थिसॉरस फाइल (एकाच अर्थाच्या शब्दांची यादी) देऊन एक करून घ्या.

पेपर उघडत नसतील तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या जर्नल वाचायला देणाऱ्या योजनेत तुमचं कॉलेज येतं का ते ग्रंथपालांना विचारा, 1 जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांसाठी ती सोय सुरू झालीय.

अन् शोध घेतला ती तारीख आणि टाकलेली ओळ जशीच्या तशी वहीत लिहून ठेवा बरं का, सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा लावला की आकडा वेगळा येतो आणि व्हायव्हात नेमकं तेच विचारतात.